विश्वकिरणांचं कूळ

प्रिय आई,

पत्र बघून दचकू नका. मी धडधाकट आहे, आमची उपकरणांची पेटी सुखरूप जमिनीवर आली आहे, कुणाला साधं खरचटलेलंसुद्धा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पाकीट हातात पडताच तुमच्या छातीत कसं धस्स होईल ते मला इथे बसून दिसतंय. फोन का नाही केला म्हणाल, तर फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही. ‘मी बरी आहे, तू जेवलीस का, ठेवते,’ एवढ्यात तुमचा कारभार आटोपतो. पत्र असं मधेच खाली ठेवता येत नाही. तुमच्या थोरल्या लेकीला, ताईंना, वाचून दाखवायला मात्र सांगू नका. चष्मा लावा, खिडकीपाशी बसा आणि स्वतःच वाचा. माझं अक्षर कुत्र्यामांजरांच्या पायांचं आहे हे मान्य, पण तुम्हाला त्याची सवय आहे.

दुपारचं ऊन कलायला लागलंय. तळावरच्या विश्रामगृहाच्या खोलीत बसून लिहितेय. लोखंडी खाट, एक डुगडुगतं टेबल आणि समोरच्या प्रचंड शेडकडे उघडणारी खिडकी, एवढाच थाट. खाली अंगणात दोघं तंत्रज्ञ पेटीवरचा चिखल धुताहेत. पाइपाच्या पाण्यापेक्षा त्यांच्या गप्पांचाच जोर जास्त आहे. गेले कित्येक आठवडे या अंगणात कुणी हसलेलं मी पाहिलं नव्हतं.

कारण एकच, वारा. वर, अगदी वर, जिथे आमचा फुगा जाऊन थांबतो, तिथला वारा ऋतूबरोबर दिशा बदलतो. एका बाजूने वाहायचं थांबून दुसऱ्या बाजूने वाहायला लागण्याआधी तो थोडे दिवस थबकतो. त्या थबकण्यात फुगा सोडला तर तो आमच्या आवाक्यात बराच वेळ रेंगाळतो. नाहीतर वाहत वाहत पार समुद्रावर जातो, आणि आमची सगळी मेहनत पाण्यात, शब्दशः. तर वर वारा थबकला होता, पण खाली जमिनीलगतचा काही ऐकायला तयार नव्हता. रोज पहाटे आम्ही तयार होऊन उभे, आणि रोज पहाटे हवामान बघणारे गृहस्थ मान हलवणार. त्यांचं नावच इथे सगळ्यांनी ‘नन्ना’ ठेवलंय, नन्नाचा पाढा म्हणतात म्हणून. तुम्हाला ते आठवतीलच. आपल्याकडे पहिल्यांदा जेवायला आले होते तेव्हा ‘आज पाऊस पडणार नाही’ असं छातीठोकपणे म्हणाले, आणि पान वाढेपर्यंत तुमचे वाळत घातलेले सगळे कपडे भिजून चिंब. मग बिचारे स्वतःच गच्चीवर धावले, चादरी गोळा करून आणल्या, पिळल्यासुद्धा. आणि तुम्ही दारात उभ्या राहून विचारलंत, ‘पोटापाण्यासाठी दुसरं काही येतं का हो तुम्हाला?’ पेटी परत आल्यावर इथे त्यांनी ती गोष्ट सगळ्यांना स्वतःहून सांगितली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, कधी हसत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. त्यासुद्धा तोंडाला रुमाल लावून हसल्या.

वाट बघताना माणूस मागचं आठवत बसतो. मला सारखी आपली जेवणाची बैठक आठवायची. लग्नानंतरचे ते पहिले दिवस. माझी आई मी बोलायला शिकायच्या आधीच गेली, त्यामुळे ‘आई’ अशी हाक मारायची माझ्या जिभेला सवयच नव्हती. तुमच्यासमोर मी कितीतरी दिवस नुसतं ‘अहो, ते’ असं म्हणून वेळ मारून न्यायची. तेव्हा तुमचा लेक, आपला भुंगा, तुम्हाला आमचं काम समजावून सांगत होता. त्याचं हे नाव तुम्हीच ठेवलेलं, घरातली प्रत्येक वस्तू पोखरून आत काय आहे ते बघायचा म्हणून. तो सांगत होता की विश्वकिरण हे खरं तर किरण नव्हेतच, ते अणूंचे गाभे आहेत, कुठूनतरी भयंकर वेगाने आपल्यावर येऊन आदळणारे. जमिनीवर बसून ते सापडत नाहीत, कारण हवेत शिरताच त्यांचे तुकडे होतात. म्हणून हवा जवळजवळ संपते तिथवर उपकरण न्यायचं, आणि तेवढ्यासाठी हा घरापेक्षा मोठा फुगा. तुम्ही विचारलंत, ‘मग ज्या बाजूने येतात तिकडे बघा की, घर सापडेल.’ तो म्हणाला, ‘तीच तर गोम आहे. वाटेत चुंबकी क्षेत्रं त्यांना इतक्या वेळा वळवतात की येणारा कण उजवीकडून आला, म्हणून त्याचं गाव उजवीकडे असं म्हणता येत नाही.’ त्यावर तुम्ही पोळीचा शेवटचा तुकडा उचलत निकाल दिलात, ‘नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात ते उगाच नाही.’ आणि भुंगा म्हणाला, ‘मूळ नाही गं विचारत, पाण्याची चव घेतो. कुठल्या मातीतून वाहत आलंय ते चवीवरून कळतं.’

त्याच्याइतकं सोपं मला अजून कुणाला सांगता आलेलं नाही. आम्ही खरोखर तेच करतो. कुठला कण किती जड, लोखंडाचे किती, लोखंडापेक्षा जड असे दुर्मीळ किती, कशाचं कशाशी काय प्रमाण, हे मोजायचं. फुटलेल्या ताऱ्यांतून ते निघाले असतील, तर त्या ताऱ्यांमध्ये काय शिजलं होतं त्याची चव त्या प्रमाणात उतरलेली असणार.

आमचा पहिला फुगा चढता चढताच फाटला ते तुम्हाला ठाऊक आहे. भुंगा घरी आला, ‘आकाशाला आमची वर्गणी देऊन आलो,’ म्हणाला आणि अंथरुणावर पडला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठला. उठला तो नव्या पेटीचा आराखडा सांगतच. ती पेटी अर्धी झाली आणि तो गेला. आई, त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही, तुम्हीही कधी बोलला नाहीत. आपण दोघी त्या घरात एकमेकींच्या पावलांचा आवाज ऐकत राहिलो. मग एका सकाळी तुम्ही माझी पिशवी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, ‘घरात बसून तो परत येणार नाही. आणि तू दिवसभर डोळ्यांसमोर असलीस तर मला धड रडताही येत नाही. जा कामाला.’ मी गेले. त्या वाक्यावर मी आजवर चालत आलेय असं म्हटलं तरी चालेल.

नंतर पेटीला थंडीपासून जपणारं ते चकचकीत पांघरूण शिवायची वेळ आली तेव्हा मोठ्या बाई स्वतः घरी आल्या. तुम्ही इतकी वर्षं शाळेत शिवण शिकवलंत हे त्यांना भुंग्याने कधीतरी सांगितलेलं. सबंध घर चांदीच्या वर्खात गुंडाळल्यासारखं दिसत होतं. तुम्ही कुरकुरत होतात, हे कापड आहे की फरशी, सुई जागेवर राहत नाही, माझ्या आजवरच्या शिवणीत ही सगळ्यात वाकडी. असू दे वाकडी. वर हाडं गोठवणारी थंडी होती आणि पेटीच्या आत आम्हाला हवं होतं तेवढंच तापमान अखेरपर्यंत टिकलं. हे तुमच्या कानावर आधी घालायचं होतं, ते राहूनच जात होतं.

तर, एका पहाटे वारा अगदी पडला. पानसुद्धा हलत नव्हतं. तळाच्या व्यवस्थापकांनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं की आता थोडेच दिवस उरलेत, नंतर गाशा गुंडाळा. फुगा जमिनीवर अंथरून झाला होता, गॅसच्या गाड्या उभ्या होत्या. आणि नन्ना पुन्हा नाही म्हणाले. त्यांचा एक छोटा फुगा वर जाऊन आला होता. मधल्या थरात वाऱ्याचे दोन प्रवाह एकमेकांना छेद देत होते, त्यात आपला फुगा मुरगळेल असं त्यांचं म्हणणं. मोठ्या बाई गॅसवाल्यांना थांबवायला वळल्या. माझा मात्र तोल गेला. सगळ्यांसमोर म्हटलं, ‘तुम्ही घाबरलाय.’ ते शांतपणे म्हणाले, ‘हो. घाबरणं हेच माझं काम आहे.’ फुगा पुन्हा घडी घालून खोक्यात गेला. त्या दिवशी सोडला असता तर काय झालं असतं, हे आता कधीच कळणार नाही. ते स्वतःच म्हणतात, कदाचित नीट गेलाही असता.

दुपारी मी त्यांच्या खोलीवर गेले. भांडण पुढे चालवायला की मिटवायला, ते माझं मलाच ठरवता आलं नव्हतं. त्यांनी खुर्ची दिली आणि मला एक गोष्ट सांगितली. आई, या गोष्टीसाठी तरी हे पत्र जपून ठेवा, कारण ही तुमच्या लेकाची आहे आणि तुम्ही ती ऐकलेली नाही. पहिला फुगा फाटला त्या दिवशी वाऱ्याला ‘हो’ म्हणणारे हेच होते. फाटण्याचं कारण शेवटपर्यंत सापडलं नाही. वारा की प्लास्टिक, देव जाणे. पण सगळा तळ त्यांच्याकडे बघायचं टाळत होता. भुंगा चहाचे दोन कप घेऊन त्यांच्या खोलीत शिरला आणि पायाने दार लोटून घेतलं. ते बचावाचं भाषण मनात जुळवत होते. भुंग्याने फुग्याचा विषयच काढला नाही. म्हणाला, ‘ढगांची नावं तुम्ही लक्षात कशी ठेवता हो? मला माझ्या मावसभावंडांची राहत नाहीत.’ मग चहा गार होईपर्यंत ढगांची नावं ऐकत बसला, मधेमधे चुकीची म्हणून दाखवत. निघताना दारातून म्हणाला, ‘पुढच्या खेपेलाही तुम्हीच हवे आहात.’ हे सांगताना नन्ना खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, ‘मी नोकरी सोडायचं ठरवलं होतं त्या दिवशी. नंतर ते राहून गेलं.’ मी भांडायला आले होते ते विसरून गेले. घरी येऊन हे भुंग्याने आपल्याला का सांगितलं नसेल? मला वाटतं, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नसेल.

त्यानंतर वारा आणखी काही दिवस छळत राहिला आणि मग एका पहाटे नन्ना ‘चला’ म्हणाले. कुणाला खरंच वाटेना, त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. फुगा भरताना बघायला तुम्ही हव्या होतात. जमिनीवर लांबच लांब अंथरलेलं ते प्लास्टिक, कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, त्याच्या एका टोकाला गॅस शिरतो आणि एक पांढरा घुमट आपोआप उभा राहायला लागतो. आवाज म्हणजे शंभर चादरी एकदम झटकल्यासारखा. क्रेनच्या गाडीच्या हातावर पेटी टांगलेली, आणि फुगा वर चढत गेला तशी ती गाडी त्याच्या खाली खाली पळत राहिली, एखाद्या पळत्या लेकरामागे आईने पळावं तशी, आणि बरोब्बर खाली आल्यावर पेटी सोडली. तिने एकदा झोका घेतला. मग ती सरळ वर गेली. मोठ्या बाई बाहेरच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि बराच वेळ आत आल्या नाहीत.

फुगा वर जाऊन स्थिरावला तसे पडद्यावर कण यायला लागले. आमच्या पेटीतलं प्लास्टिक कण आरपार जाताच चमकतं. जितका जड कण तितकी लख्ख चमक. हलके पावसाच्या सरीसारखे कोसळत होते. त्यात लोखंडाचे दिसत होते. आणि मग, दुसऱ्या दिवशी दुपारी, लोखंडाच्या कितीतरी पलीकडचा एक आला. एकच ठसठशीत रेघ. खोलीत कुणीतरी ‘आला!’ असं ओरडलं, घरी पाहुणा यावा तसं. नंतर आणखी आले. आत्ताच काही ठामपणे म्हणणं घाईचं होईल, मोजणी-पडताळणीत वर्ष जाईल. पण पहिल्या नजरेला जी चव लागतेय ती नुसत्या ताऱ्यांची नाही. नुकत्याच फुटलेल्या मोठ्या ताऱ्यांची राख आणि आधीपासून तिथे पडून असलेली जुनी धूळ, दोन्ही मिसळून ते निघाले असावेत. भुंग्याची अटकळ अशीच होती. ती बरोबर ठरली की नाही, हे मी तुम्हाला वर्षभराने सांगेन, आणि चूक ठरली तरी सांगेन.

काम आटोपल्यावर फुगा ठरल्याप्रमाणे वरच फोडला, आणि पेटी हवाई छत्रीला लटकून उतरली ती एका दलदलीच्या काठाला. आणायला आम्ही ट्रक घेऊन निघालो तर नन्ना पाठीमागे चढून बसलेले. त्यांचं काम फुगा फुटताच संपलं होतं, पण कुणी काही विचारलं नाही. पेटी कुशीवर पडली होती, पांघरूण एका कोपऱ्यात फाटलं होतं, बेडकं टुणटुणत होती. मी झाकण उघडून आत पाहिलं. भुंग्याने जोडलेल्या तारा होत्या तशा, एकही सुटलेली नाही. तिथे चिखलात उभी राहून मी रडले, आई, इतक्या वर्षांचं एकदम. बाकीचे लांब गेले. नन्ना पाठ करून आकाशातले ढग बघत राहिले. आकाशात एकही ढग नव्हता.

परत येताना ट्रकच्या मागच्या फळीवर आम्ही दोघं, मधे पेटी. गेलं वर्षभर उड्डाणाच्या तयारीसाठी ते प्रयोगशाळेत येत होते, आणि काम संपलं तरी आमचं बोलणं संपत नव्हतं. ते एकटे आहेत. त्यांची बायको फार पूर्वी आपल्या वाटेने गेली, भांडणतंटा काही नाही, वाढदिवसाला अजून एकमेकांना फोन करतात. या सगळ्यावर आम्ही एक अक्षर कधी बोललो नव्हतो. त्या फळीवर मीच विचारलं. धक्के खात, केसांत चिखल, नाक लाल, आणि विचारलं की आपण लग्न करायचं का. नन्नांनी पहिल्या दमात हो म्हटलं. आणि लगेच विचारलं, ‘आईंचं काय?’ मी म्हटलं, त्यांना अजून काही माहीत नाही, त्या ताईंकडे हवापालटाला गेल्यात. ते म्हणाले, ‘त्यांना तुझ्याआधी कळलंय. त्या हवापालटाला गेलेल्या नाहीत.’

तुम्ही ताईंकडे निघालात त्या दिवशी मी पेटीच्या रवानगीत अडकले होते म्हणून तुम्हाला गाडीत बसवून द्यायला मी त्यांना पाठवलं होतं. तुम्ही त्यांना काय सांगितलंत ते त्यांनी मला सांगितलं. तुम्ही कुणालाही न बोलण्याचं वचन घेतलं होतंत, ते त्यांनी त्या ट्रकमध्ये मोडलं, त्यासाठी त्यांच्यावर रागावू नका. तुम्ही म्हणाला होतात, ‘कामाच्या नादात तिला भूक कळत नाही, ताट समोर ठेवावं लागतं. आजवर मी ठेवलं. आता ते तुम्ही ठेवा, मधे माझी अडगळ नको.’ तळावर परतताच मी ताईंना फोन केला. त्यांनी आढेवेढे घेतले, पण शेवटी सांगितलं की तुम्ही कपाट रिकामं करून मागितलंय, कायमचं.

आई, एवढा शहाणपणा कुणी सांगितला होता तुम्हाला? आपल्या भाषेत साडूला शब्द आहे, व्याह्याला आहे, जावेच्या जावेलासुद्धा शोधला तर मिळेल. सुनेच्या दुसऱ्या नवऱ्याला नाही, हे खरं. लोक विचारतील, हे तुमचे कोण, आणि तुम्हाला क्षणभर अडखळायला होईल. पण त्यासाठी घर सोडायचं? भुंग्यामुळे तुम्ही माझ्या आई झालात. तो गेल्यावर मात्र तुम्ही माझ्याशी कुठल्याही नात्याने बांधलेल्या नव्हतात, आणि तरी राहिलात. माझ्या तोंडी आधी कुणासाठीच नसलेली ती हाक मी एका माणसासाठी शिकले, ती आता दुसऱ्या कुणाला मारता यायची नाही. मी लग्नाला परवानगी मागत नाही. ते मी करणार आहे, आणि तुम्हाला ते पटतं हे तुमच्या त्या निरोपावरूनच कळलं. मी तुम्हाला घरी न्यायला येतेय, एवढं सांगायला हे पत्र. नन्ना बरोबर येताहेत, सामान उचलायला. त्यांनी एकच अट घातली आहे, तुम्ही नसाल तर ते त्या घरात पाऊल ठेवणार नाहीत. ताईंना म्हणावं, कपाट त्यांचं त्यांना परत मिळेल. नाही म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हणा, मग मी तुमच्या समोर बसून राहीन, ताट ठेवलंत तरी जेवणार नाही. पुढचं सगळं तुम्ही आणि ताई बघून घ्या.

तुमचीच,
धाकटी लेक